पदर खोचून, कंबर कसून



अभ्यासाची टाळाटाळ करणाऱ्या मुलास हल्ली आपण म्हणतो, "आता सीरियस हो." हा शब्द मराठी घरात शिरला तो दवाखान्याच्या वाटेने. "नातू सीरियस झाला" असे ऐकताच आजीने देव पाण्यात घालावेत, अशीच त्याची ओळख! आपला बोल होता, "आता मनावर घे." त्यात धाक नाही आणि आजारही नाही.

इंग्रजांचे बोलही मोठे मजेचे. आळशी मुलास ते मोजे वर ओढावयास सांगतात. अंगमेहनतीस कोपराचे वंगण म्हणतात. आपण धोतर-लुगड्याची माणसे. आपण कंबर कसतो, पदर खोचतो. बाही दोघांकडेही आहे, परंतु इंग्रज ती कामासाठी वर करतो आणि आपण बाह्या सरसावल्या की भांडणाचीच शंका अधिक!

नागरवाड्यात तर गुजरातीचा शेजार. शेजारी 'केड बांधो' म्हणाले, तर फोड करून सांगावी लागत नाही. 'मंडी पडो' मात्र, म्हणजे झटून कामाला लागा, हे ऐकून पुण्याच्या पाहुण्यास बाजारात मंदी आल्याचा भास व्हावयाचा.

सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा अनेक भाषांतील कोश करविला. 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' १९३१ साली निघाला. कचेरीच्या शब्दांची अशी तरतूद झाली. चुलीपाशीच्या शब्दांना तसा आश्रय कोठला? ते बोलणाऱ्यांबरोबर जातात. कोणी म्हणतात, खोचावयास पदरच उरला नाही, तर आजच्या मुलीस तो बोल कसा कळावा? आम्हांस हे पटत नाही. दरबार गेले, तरी विडा उचलतोच की आपण!

कामाच्या आरंभीचे बोल असे कपड्यांवरून आले; काम अंगावर पडले म्हणजे बोल देहाचे होतात. घाम गाळणे, रक्ताचे पाणी करणे, हाडाची काडे करणे. हा शेवटचा बोल स्वतःविषयी सहसा कोणी वापरीत नाही. मुले तो आईबापांविषयी काढतात, आणि पुष्कळदा फार उशिरा.

ट्रस्टकडे शिष्यवृत्तीचे अर्ज येतात, त्यांत गुणांचे आकडे असतात, मिळकतीचे असतात. ते हवेतच. पण त्या मुलासाठी घरी कोण कसे राबते, हे त्याने आईस किंवा आजीस विचारून तिच्याच शब्दांत चार ओळी लिहावे, अशी आमची विश्वस्तांस सूचना आहे. त्या ओळींना गुण देऊ नयेत. शुद्धलेखनही तपासू नये. त्या वाचून एका वहीत उतरून ठेवण्याचे काम आम्ही पत्करतो.