मुंबईची मॅरेथॉन आणि आपली मोकळी जागा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सचिव साहेबांनी मला सांगितलं, "दहा मिनिटं बोला, पण जेवणाची वेळ सांभाळा." मी वीज खात्यात 31 वर्षे लाईनवर काम केलेला माणूस. खांबावर चढ म्हटलं तर आजही चढेन. माईकसमोर उभं राहायचं म्हटलं की पाय कापतात. तरी उभा राहिलो, कारण विषय माझ्या एकट्याचा नाही. गेल्या जानेवारीत, म्हणजे 19 जानेवारी 2025 ला, आपल्या सोसायटीतले आम्ही चौघं मुंबईच्या मॅरेथॉनला गेलो होतो. त्यानंतर जो भेटेल तो एकच विचारतो, "कितवा नंबर आला?" आज सगळ्यांना एकदमच उत्तर देऊन टाकतो: आमच्या पुढं हजारो माणसं होती आणि मागंही हजारो होती. नंबर विचारू नका, अनुभव विचारा.

आधी थोडी माहिती, म्हणजे लेकरांना समजेल. मॅरेथॉन म्हणजे 42 किलोमीटर 195 मीटर. हे विचित्र अंतर 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा धावले आणि पुढे 1921 मध्ये तेच कायम झाले. त्याच्या निम्म्याला अर्धमॅरेथॉन म्हणतात, साधारण 21 किलोमीटर. आपल्या भाषेत सांगायचं तर इथून निघून जिंतूरला पोचायला पूर्ण मॅरेथॉन धावूनही थोडी चाल उरते. मुंबईची मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली. कोरोनामुळे 2021 आणि 2022 ही दोन वर्षे ती झाली नाही. त्यामुळे आम्ही गेलो ती बरोबर विसावी.

आणि ही मॅरेथॉन परभणीला नवीन नाही, बरं का. 2017 मध्ये याच शर्यतीत भारतीय महिलांमध्ये पहिली आलेली ज्योती गवते ही आपल्या परभणीची लेक. पूर्ण 42 किलोमीटर तिनं तीन तासांच्या आत संपवले. नंतर 2018, 2019 आणि 2020 अशी सलग तीन वर्षे ती सुधा सिंगच्या पाठोपाठ दुसरी आली. शेजारच्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तर ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावून आला. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपण हसत हसत म्हणतो. या पोरांनी ते पायांनी खरं करून दाखवलंय.

आता आमचं चौघांचं. प्लॉट 9 मधल्या मॅडम, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. प्लॉट 22 चे मेडिकलवाले भाऊ. प्लॉट 31 मधला पुण्यात नोकरी करणारा आपला इंजिनिअर पोरगा. आणि मी, वय वर्षे 62. पोरगा पूर्ण मॅरेथॉनला, आम्ही तिघं अर्ध्याला.

तयारीला लागलो जुलैत. परभणीत पावसाळ्यात धावायचं म्हणजे काय, हे मुंबई-पुण्याच्या माणसाला कळायचं नाही. डांबर सोडून दोन पावलं बाजूला गेलं की काळी माती बुटाला अशी चिकटते की एकेका पायाला किलो-किलो वजन होतं. कृषी विद्यापीठाच्या बाजूचे रस्ते त्यातल्या त्यात बरे. झाडी आहे, वाहनं कमी. पण तिथवर पोचायचं म्हणजे पहाटेच्या अंधारात कुत्र्यांच्या तीन टोळ्या ओलांडायच्या. आम्हाला धावताना पाहून एक दूधवाला रोज विचारायचा, "काय हो काका, कोण मागं लागलंय?" चार महिन्यांनी त्यानं विचारणं सोडलं अन् हात वर करून हसायला लागला.

मेडिकलवाल्या भाऊंनी सगळ्यांना एक नियम लावून दिला होता: दर आठवड्याला अंतर थोडंच वाढवायचं आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. त्या नियमानंच आमचे गुडघे वाचले. नोव्हेंबरात 15 किलोमीटर झाले, डिसेंबरात 18. थंडीत इथं पारा सहा-सात अंशांवर येतो, कानाला मफलर बांधून धावायचो. आम्हाला वाटलं, झाली तयारी. पण दोन गोष्टी परभणीत शिकायलाच मिळत नाहीत. एक म्हणजे चढ. आपल्याकडं सगळं सपाट, फार तर रेल्वेचा उड्डाणपूल. आणि दुसरी म्हणजे मुंबईची हवा. आपल्याकडं घाम येतो आणि वाळतो. तिथं घाम येतो आणि अंगावरच राहतो.

शुक्रवारी रात्री देवगिरी एक्सप्रेसने निघालो. गंमत बघा, आपली गाडी शेवटी जिथं थांबते त्या सीएसएमटीसमोरच पूर्ण मॅरेथॉन सुरू होते. जणू मराठवाड्यासाठीच जागा निवडलीय. पण उतरून लगेच पळता येत नाही. आदल्या दिवसापर्यंत वांद्र्याच्या बीकेसीत जाऊन आपला छातीवर लावायचा नंबर घ्यावा लागतो. त्याला बिब म्हणतात आणि त्यातच वेळ मोजणारी चिप असते. तुम्ही कुठं झाडाआड बसलात तर तेही तिला कळतं!

रविवारी पहाटे आम्ही तिघं माहीमच्या रेतीबंदरला. अंधार, समुद्राचा वास, हजारो माणसं. आधीच्या शर्यतींच्या वेळेप्रमाणे रांगा लावलेल्या, म्हणजे सावकाश पळणाऱ्यानं पुढच्यांच्या पायात यायचं नाही. कुणी देवाचं नाव घेतंय, कुणी बुटाची नाडी चौथ्यांदा बांधतंय. मॅडम एकदम गप्प होत्या. मी म्हटलं, "मॅडम, भीती वाटते का?" त्या म्हणाल्या, "भीती नाही हो काका, नवरा गेल्यापासून इतक्या माणसांत मी एकटीच्या जिवावर कधी उभी नव्हते." यावर काय बोलणार? मी माझ्या बुटाची नाडी पुन्हा बांधली.

थोड्याच वेळात सी-लिंक आला. साडेपाच किलोमीटरचा हा पूल एरवी फक्त मोटारींसाठी. पायी जायला परवानगी नाही, स्कूटरलाही नाही. त्या दिवशी मात्र तो पायांचा असतो. गाडीचा एक आवाज नाही, फक्त हजारो बुटांचा आवाज. ज्वारीच्या खळ्यावर पाऊस पडावा तसा. खाली समुद्र, मागं वांद्रे, पुढं वरळीचे दिवे. माझ्यासारख्या लाईनवरच्या माणसाला त्या पुलाच्या तारा बघूनच मान वर करावी वाटली. मॅडमनी पाठीमागून सांगितलं, "काका, खाली बघा, अजून पंधरा किलोमीटर आहेत."

वरळी, मग हाजीअली. इथवर उजाडलं आणि माणसं रस्त्यावर आली. गजानन महाराजांची पालखी शेगावहून पंढरपूरला जाताना आपल्या जिल्ह्यातून जाते, तेव्हा आपण काय करतो? केळी वाटतो, चहा देतो, पाय चेपून देतो. कोण कुठला विचारत नाही. अगदी तसंच तिथं पाहिलं. संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, मीठ, बर्फ घेऊन माणसं उभी. एक म्हातारी आजी खुर्चीवर बसून ताट वाजवत होती. एका पोराच्या हातात पाटी होती, तिच्यावर लिहिलेलं: "दमलात? मीसुद्धा. दोन तास उभा आहे!" ज्या मुंबईत शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं असं आपण म्हणतो, तिथं अनोळखी माणूस माझ्या छातीवरचं नाव वाचून ओरडत होता. मला वाटतं अनोळखी माणसानं आपलं नाव घेणं यासारखं टॉनिक नाही.

हाजीअलीजवळ मेडिकलवाल्या भाऊंच्या पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. तिथल्या वैद्यकीय केंद्रावर डॉक्टरांनी त्यांना बसवलं, क्षारांचं पाणी दिलं, रक्तदाब पाहिला. पाय थोडे मोकळे झाले तेव्हा भाऊंनी स्वतःच ठरवलं की पुरे. हे मी मुद्दाम सांगतोय. गावात आल्यावर दोघा-तिघांनी त्यांना टोमणे मारले. अरे, शरीर थांब म्हणत असताना थांबणं, याला पळण्यापेक्षा जास्त धैर्य लागतं. जे पळताना छातीत दुखलं तरी "होईल बरं" म्हणत राहतात, त्यांच्या बातम्या आपण पेपरात वाचतो. भाऊ स्वतः मात्र हसून सांगतात, "जन्मभर गोळ्या विकल्या, शेवटी गोळ्यांनीच अडवलं."

मग पेडर रोडचा चढ. बघायला गेलं तर फार मोठा नाही. पण चौदा-पंधरा किलोमीटर झाल्यावर तो समोर येतो. आम्ही अर्धवाले तिथं चालत चढलो. पूर्णवाल्यांना तर तो दोनदा, जाताना आणि परत येताना पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास. इंजिनिअर पोरगा सांगतो, तीस किलोमीटरपर्यंत तो मजेत होता. त्यानंतर अंगातली साठवलेली साखर संपते आणि पाय दुसऱ्याचे होतात. याला पळणारे लोक "भिंत" म्हणतात. नेमकं तेव्हाच त्याच्या बाजूनं परदेशी धावपटू गेले. ते मागून, बरंच उशिरा सुटलेले, तीन मिनिटांत किलोमीटर कापणारे. "काका, वारा यावा तसे आले अन् गेले," तो म्हणाला. "मी मनात म्हटलं, त्यांची शर्यत त्यांची, माझी माझी." पाच तास दहा मिनिटांनी त्यानं शर्यत पूर्ण केली. घरी आला तेव्हा तीन दिवस जिना उलटा उतरत होता, तुम्ही पाहिलंच असेल.

मरीन ड्राईव्हवर ऊन तापलं. सावली नाही, समुद्र चकाकतोय, शेवट दिसत नाही. तिथं मॅडम माझ्या पुढं गेल्या. मी हाक मारली नाही. सीएसएमटीजवळ पोचल्यावर पाहिलं तर त्या कडेला उभ्या, गळ्यात पदक आणि डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "फोन लावून द्या ना काका, माझे हात थरथरतायत." पलीकडून त्यांची मुलगी विचारत होती, "आई, पोचलीस का?" मॅडम फक्त "हो" म्हणाल्या. त्यांना लागले 2 तास 58 मिनिटे, मला 3 तास 9 मिनिटे. शिक्षिकेनं लाईनमनला हरवलं, याची नोंद या स्मरणिकेत राहावी.

आता मुद्द्याचं बोलतो, मग जेवायला मोकळे.

मॅडम पळायला कुठं शिकल्या? विद्यापीठाच्या रस्त्यावर नाही. पहिले तीन महिने त्या आपल्या सोसायटीच्या मोकळ्या जागेवर चालल्या. नवरा गेला, शुगर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पहाटे पाचला बाईमाणसानं रस्त्यावर एकटीनं निघायचं म्हणजे अंधार, कुत्री आणि लोकांच्या नजरा. मोकळ्या जागेवर मात्र चारी बाजूंनी आपली घरं, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात दिवा लागलेला. मी टेप लावून मोजलंय: एक फेरी 180 मीटर, साडेपाच फेऱ्यांचा एक किलोमीटर. मुंबईचं ते पदक या 180 मीटरमधून आलंय. आणि आज त्यांच्या मागं पहाटे अकरा बायका चालतात. त्यांतल्या दोघींनी तर आयुष्यात पहिल्यांदा बूट घेतले, साडीवर घालतात आणि झकास चालतात.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण प्लॉट घेतले तेव्हा इथं बाभळी होत्या. आपल्याच संस्थापक सभासदांनी नकाशात ती जागा "ओपन स्पेस" म्हणून दाखवली आणि जपली. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तिथं सभागृह आणि पार्किंगचा विषय आहे. सभागृहाला माझा विरोध नाही. लग्नकार्याला, बारशाला बाहेर हॉल घ्यायचा तर खिशाला चाट बसते, मलाही कळतं. पण समोर ठेवलेल्या आराखड्यात बांधकाम थेट कुंपणापर्यंत जातं आणि उरलेल्या जागेवर फरशी-गाड्या येतात. म्हणजे सभागृह वर्षातून वीस दिवस वापरणार आणि फेरी 365 दिवस बंद.

माझी मागणी छोटी आहे. सभागृह लहान करा, एका कोपऱ्यात घ्या. चारी बाजूंनी आठ फुटांचा मातीचा पट्टा सोडा. सिमेंट नको, मुरूम टाका, गुडघ्यांना बरा. दोन दिवे लावा. ते मी स्वतः बसवून देतो, मजुरी नको. गाड्या रस्त्याच्या एका कडेला लावायची शिस्त आपण ठरवू शकतो. सभेत हात वर करण्याआधी एक दिवस पहाटे साडेपाचला तिथं या, एवढंच सांगणं. कोण चालतंय ते बघा. तुमच्याच घरातलं कुणी दिसेल.

आणि पुढच्या जानेवारीसाठी नावं द्यायची असतील तर प्लॉट 22 च्या मेडिकलवर वही ठेवलीय. पहिलं नाव भाऊंनी स्वतःचंच लिहिलंय.