स्वागताध्यक्षीय भाषण : मोडलेला खुबा आणि पहिले दोन दिवस

उतारवयात खुब्याचे हाड मोडायला मोठा अपघात लागत नाही. रात्री लघवीला उठताना उंबऱ्याला ठेच लागते किंवा मोरीच्या ओल्या फरशीवर पाय सटकतो, आणि मांडीचे हाड वरच्या टोकाशी तुटते. पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळते, टाच गादीवरून उचलत नाही. जाणकाराला एक्स-रेच्या आधीच अंदाज येतो.

हाड कुठे तुटले यावर उपचार ठरतो. ते मानेत तुटून जागचे हलले असेल, तर वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बहुधा खंडित होतो, कारण त्याच्या मुख्य रक्तवाहिन्या मानेला लगटूनच वर जातात. वृद्धांमध्ये असे हाड जुळण्याचा भरवसा नसतो. म्हणून धातूचा गोळा बसवतात किंवा वाटीसह सगळा सांधाच बदलतात. जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये १९६२ साली रूढ केलेली सांधारोपणाची पद्धत आजही या शस्त्रक्रियेचा पाया आहे. मानेखाली तुटलेल्या हाडाचा रक्तपुरवठा शाबूत असतो. तिथे नेल किंवा स्क्रू-प्लेट पुरते.

शस्त्रक्रियेचे तंत्र आता स्थिरावले आहे. अडते ते वेळेपाशी. ‘वय झालंय, आता कशाला कापाकापी,’ असे घरात ठरते आणि पायाला विटांचे वजन लावून रुग्ण आठवडेच्या आठवडे पडून राहतो. मग छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरांत गुठळ्या होतात, माकडहाडावर शय्याव्रण पडते. वृद्ध दगावतो तो मोडलेल्या हाडाने नव्हे, पडून राहण्याने. वय हे शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण नाही. उलट उशीर न करण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचना रुग्ण दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करावी असे सांगतात. हृदय, साखर, रक्त पातळ करणारी औषधे यांची तपासणी आवश्यकच आहे, पण ती याच मुदतीत बसवावी लागते.

हे एकट्या सर्जनच्या हातचे काम नाही. इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे मायकेल डेव्हास यांनी वृद्धरोगतज्ज्ञांना सोबत घेऊन संयुक्त उपचाराची वाट दाखवली. या परिषदेला अस्थिशल्यविशारदांबरोबर भूलतज्ज्ञ, फिजिशियन, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट निमंत्रित आहेत ते याच विचाराने. स्वागत समिती या सर्वांचे मनापासून स्वागत करते.

शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री अनेक वृद्ध भ्रमतात, सलाइन ओढतात, घरच्यांनाही ओळखत नाहीत. अशा वेळी चष्मा आणि श्रवणयंत्र लगेच परत देणे, समोर घड्याळ ठेवणे, ओळखीचे माणूस उशाशी बसवणे आणि वेदना आटोक्यात ठेवणे यांचा खरा उपयोग होतो. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून रुग्णाला उभे करतात, आणि बहुतेकांना पायावर भार टाकू देतात.

टाके निघाले की उपचार संपले असे समजले जाते, आणि मूळ आजार, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, तसाच राहतो. खुबा मोडलेल्या रुग्णांना वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक आम्ल शिरेतून दिल्यास पुन्हा हाडे मोडण्याचे आणि मृत्यूचेही प्रमाण घटते, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. मूत्रपिंडाचे काम आणि रक्तातील ‘ड’ जीवनसत्त्व पाहून हे औषध सुरू करायचे असते. डिस्चार्जच्या कागदावर त्याची नोंद हवी, आणि मोरीत धरायला दांडी बसवण्याची सूचनाही तिथेच लिहिलेली हवी.