आधी छेद समान करा



गणिताचे सर सांगायचे, "आधी छेद समान करा, मग बेरीज." जळगावच्या या शाळेतला तो धडा मला धुळ्यात सर्जन म्हणून काम करताना पुन्हा भेटला.

काही जखमा आम्ही टाके न घालता उघड्या ठेवतो. त्या तळापासून भरत येतात. चोपड्याकडच्या एका केळी कापणाऱ्या मजुराच्या पाठीवरचं गळू मी कापलं. काही आठवड्यांनी केसपेपरवर लिहिलं, 'जखम भरली.' तो म्हणाला, "साहेब, पण खांद्यावर घड कधी घेऊ?" ते मी विचारलंच नव्हतं.

संशोधनातही हेच होतं. कोणी जखम बंद व्हायचे दिवस मोजतो, कोणी तिचं क्षेत्रफळ, कोणी जंतुसंसर्ग. मग निष्कर्षांची बेरीज कशी करणार? म्हणून कोणत्या आजारात किमान काय मोजायचंच, हे ठरवणाऱ्यांना २०१० पासून ब्रिटनमधला 'कॉमेट' हा उपक्रम एकत्र आणतो. त्यात रुग्णांचंही मत घेतात. आपल्या केळीच्या पानाचंच बघा. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर त्याची पट्टी वापरून पाहिली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रुग्णाच्या वेदनाही मोजल्या होत्या.

आता माझ्या केसपेपरवर एक ओळ वाढली आहे: 'कामावर कधी परतला?' सर, उशीर झाला, पण धडा विसरलो नाही.