चामड्याच्या मुठीची सुरी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजक म्हणाले, "अमेरिकेतल्या अनुभवांवर पाच मिनिटं बोल." मी तिथे घेतलेल्या एका सुरीबद्दल बोलणार आहे. हसू नका, थोडं ऐकून घ्या.

नोकरीनिमित्त मी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात राहत होतो. तिथून दक्षिणेला ओलियन नावाचं गाव आहे. १९४२ साली अमेरिकन मरीन सैनिकांसाठी स्वीकारलेल्या सुरीला ज्या 'के-बार' नावाने जग ओळखतं, ते नाव या गावातल्या कारखान्याचं. पातं सात इंचांचं, आणि मूठ चामड्याची. पात्याची निमुळती शेपटी मुठीत जाते. त्या शेपटीत चामड्याच्या भोकाच्या चकत्या एकावर एक ओवतात, दाबून घट्ट बसवतात, शेवटी लोखंडी टोपी पक्की करतात आणि मग मूठ घासून हाताच्या आकाराची करतात.

१९९८ च्या उन्हाळ्यात आबा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडे आले होते. आम्ही ॲलेगनीच्या जंगलात तंबू टाकून राहणार होतो, म्हणून वाटेत सुरी घ्यायला एका दुकानात शिरलो. मी सगळ्यांत लांब आणि चकचकीत सुरी उचलली. आबांनी ती माझ्या हातातून काढून परत ठेवली. "लढाईला चाललास व्हय?" म्हणाले. दोरी कापायची, लाकूड तासायचं, कांदा चिरायचा, त्याला चार-पाच इंचांचं पातं पुष्कळ झालं.

मग त्यांनी एकेक सुरी तपासायला घेतली. मुठीच्या चकत्यांमधून अंगठ्याचं नख फिरवलं. फट लागली की सुरी बाजूला. चामडं वाळून आकसलं की थर सुटतात, त्या फटीत पाणी शिरतं आणि आतली शेपटी गंजते. बाहेरून काही दिसत नाही. मग पातं धरून मुठीवर टिचकी मारली. आवाज भरीव हवा, खुळखुळ नको. टोपी पिळून पाहिली, हलता कामा नये. शेवटी डोळे मिटून मूठ हातात धरली. ती गोल नको, अंडाकृती हवी, म्हणजे पात्याची धार कुठे आहे ते अंधारातही हाताला कळतं.

दुकानदार गोरा, वयस्कर माणूस होता. त्याने मला विचारलं, "हे काय काम करतात?"

मित्रहो, हा प्रश्न मला आयुष्यात दुसऱ्यांदा विचारला गेला होता.

आमच्या घरी कोल्हापुरी चपला व्हायच्या. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं चामडं, आबांच्या हातात रापी आणि आरी, आणि टाचेसाठी थरावर थर. आठवीत असताना आबा एकदा चपलांची माळ खांद्यावर टाकून शाळेच्या फाटकाशी आले होते. मी डबा विसरलो होतो, तो द्यायला. शेजारच्या मित्राने विचारलं, "कोण रे? काय करतात?" मी म्हणालो, "गावाकडचे आहेत कुणीतरी." आबांना ते ऐकू गेलं. डबा फाटकापाशी ठेवून ते निघून गेले. घरी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

दुकानात मात्र मी सांगितलं, "हे माझे वडील. चामड्याचं काम करतात." दुकानदाराने काउंटरखालून आणखी दोन सुऱ्या काढून आबांसमोर ठेवल्या. त्यातली एक आम्ही घेतली.

गाडीत आबांनी निगा सांगितली. मूठ पाण्यात बुडवायची नाही. वर्षातून दोनदा मेणाचा हात फिरवायचा. तेल पाजत राहिलास तर चामडं मऊ पडून मूठ ढिली होईल. आणि काम झालं की सुरी चामड्याच्या म्यानात ठेवून द्यायची नाही. "कमावल्याला चामडं ओल धरतंय, पात्याला खातंय." पोलादी पातं पुसून, तेलाचं बोट फिरवून, उघडंच ठेवायचं. म्यान फक्त वाटेपुरतं. आपल्या पावसाळ्यात तर हे पाळायलाच हवं. तुमच्यापैकी कुणी ट्रेकसाठी अशी सुरी घेणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा.

२००९ साली आबा गेले. सुरी अजून माझ्याकडे आहे. हाताच्या घामाने मूठ काळी झाली आहे, पण नख कुठे अडकत नाही.

ज्याने फाटकाशी मला विचारलं होतं, तो मित्र आज समोरच दुसऱ्या रांगेत बसला आहे. गड्या, उत्तर द्यायला फार उशीर झाला. ते माझे वडील होते. चपला करायचे. उत्तम करायचे.