नुसतं खोडा



सांगलीत उभं राहून बोलायचं तर आधी हळदीचं नाव घ्यायला हवं. ते घेणार आहे, पण वाटेत साताऱ्याला थांबून. खटाव तालुक्यातल्या बुध गावी १९११ साली पांडुरंग वासुदेव सुखात्मे जन्मले. नमुना पाहणीच्या सिद्धांतावरचं त्यांचं १९५४ चं पुस्तक आपल्या सर्वेक्षणाच्या धंद्यातल्या जुन्या मंडळींनी परीक्षेसाठी तरी चाळलं असेल. पूर्वी पिकाचा अंदाज म्हणजे बांधावरून नजरेनं ठरवलेली आणेवारी. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं शेत निवडायचं, त्यातला ठरावीक तुकडा कापायचा, मळायचा आणि दाणे तोलायचे, ही रीत देशात रुजवण्यात सुखात्म्यांचा मोठा वाटा.

ज्वारीला कापायला कोण आलंय याचं सोयरसुतक नसतं. माणसाला असतं, आणि आपल्या धंद्याची गोम तिथंच आहे. दारात गेलं की पहिला प्रश्न आपल्यालाच येतो : ‘कुणाकडनं आलाय?’ त्याला आपण काय सांगतो यावर पुढची वीस उत्तरं ठरतात. कारखान्याच्या संचालकाचा पुतण्या ओट्यावर बसलेला असेल तर उसाच्या बिलाबद्दल सभासद समाधानीच असतो. खरसुंडीच्या बाजारात खिलार बैलाचा भाव उपरण्याखाली बोटं दाबून ठरतो, वर तोंडानं भलतंच चाललेलं असतं. आपण ते वरचं लिहून आणतो.

१८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात शरद पवार प्रचारसभेत भर पावसात बोलले. तीन दिवसांनी मतदान झालं आणि साताऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत त्यांचे उमेदवार श्रीनिवास पाटील यांनी उदयनराजे भोसले यांना सत्त्याऐंशी हजारांवर मतांनी हरवलं. त्याच दिवशीच्या विधानसभेच्या मतदानात राज्यात बऱ्याच एक्झिट पोलनी भाजप-शिवसेना युतीला दोनशेच्या पुढं नेलं होतं, आल्या १६१ जागा. सगळं श्रेय पावसाला देऊन आपण सुटलो. मला वाटतं, बरेच लोक आधीच ठरवून बसले होते. पावसानं फक्त ते मोठ्यानं बोलायची सोय झाली.

२०२४ ची गंमत तर आणखी वेगळी. साताऱ्याचा लोकसभेचा निकाल ३२,७७१ मतांनी लागला, आणि पिपाणी चिन्हाच्या अपक्षाला त्याहून जास्त, सदतीस हजारांवर मतं पडली. त्यातली किती पवारांच्या पक्षाचं ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह शोधत आली होती, कुणी सांगावं? आपल्या प्रश्नावलीत तुतारीला चौकट असते, पिपाणीला नसते.

आता हळद. सांगलीशेजारच्या हरिपूरची पेवं, जमिनीत खणलेली, हळद वर्षानुवर्षं न किडता ठेवणारी. २००५ च्या पुरात त्यांत पाणी शिरलं. पुढं २०१८ साली मी व्यापारातल्या जोखमीची यादी घेऊन इथल्या पेठेत फिरलो : भाव, उधारी, कर, पूर. पुरापुढं फारशा खुणा पडल्या नाहीत. ‘आलं की बघू,’ म्हणायचे. मी अहवालात लिहिलं, व्यापाऱ्यांना पुराची धास्ती वाटत नाही. पुढच्याच ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. समोर गिऱ्हाईक बसलेलं, शेजारी उधारी देणारा चहा पितोय, अशा वेळी ‘माझा माल बुडू शकतो’ असं कोण म्हणणार, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. गादीवर बसून विचारलं, तिथंच चुकलं.

माण तालुक्यातली एक दुपार सांगतो. वस्तीवरचं घर. प्रश्न बाईंसाठी होते, उत्तरं मालक देत होते. तिसरा प्रश्न होता, मुलीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं तर घरात चालेल का. ‘नाही,’ मालक म्हणाले. मी खूण केली. बाई भाकरी थापत होत्या, थापायचा आवाज तेवढा क्षणभर थांबला. निघालो, गाडी चालू करतोय तोवर त्या पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग आल्या.

‘मगाशी तिसऱ्याला लिवलंय न्हवं, ते खोडा.’

‘मग काय लिहू?’

‘नुसतं खोडा,’ म्हणाल्या, आणि तांब्या घेऊन परत गेल्या.

मी खोडलं. पुण्याला आकडे भरताना त्या चौकटीत ‘माहीत नाही’ असं गेलं.