खेळातली आगगाडी: किती खरी, किती सोपी?

आगगाडी चालवण्याच्या संगणकीय खेळांवरून दोन तट पडलेत. एक म्हणतो, इंजिनातली प्रत्येक कळ खेळात हवी. दुसरा म्हणतो, दिवसभर राबून आल्यावर पुन्हा नियमावली कशाला, घटकाभर गाडी पळवू द्या की! माझ्या मते हे भांडणच भलत्या मुद्द्यावर चाललंय.

जपानचा ‘डेन्शा दे गो’ घ्या. ताइतो कंपनीने 1996 मध्ये तो नाणं टाकून खेळायच्या यंत्रावर आणला. हाताळायला दोनच दांडे, एक वेगाचा, एक ब्रेकचा. पोरासोरांना चटकन जमावं असं प्रकरण. पण फलाटावर गाडी थांबवायची ती ठरल्या वेळेला, ठरल्या खुणेपाशी. तिथे भल्याभल्यांची भंबेरी उडते. मुंबईत बारा डब्यांची लोकल पाटीपाशी उभी करणाऱ्या मोटरमनला हे वेगळं सांगायला नको. बाकीचा पसारा टाकून या पोरखेळाने कामातलं मर्म तेवढं ठेवलं.

आता दुसरं टोक. मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर 2001 मध्ये आला. त्यात इंग्लंडच्या सेटल–कार्लाइल मार्गावर ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे वाफेचं इंजिन चालवता येतं. कोळसा आपणच मारायचा म्हटलं, तर चढावर त्रेधा उडते. आग मंदावली म्हणून कोळसा टाकावा, तोवर पाणी उतरलेलं. इंजेक्टर उघडून पाणी सोडावं, तर वाफेचा दाब पडतो. या साऱ्यात सिग्नल कधी मागे गेला, पत्ता नसतो. कोळसा-पाण्याचं हे फायरमनचं काम संगणकाच्या गळ्यात बांधायची सोय आहे, पण कट्टर मंडळी त्याला पळवाट म्हणतात. अहो, खऱ्या इंजिनात तरी ड्रायव्हर कुठे फावडं मारत बसतो? त्याला फायरमन असतोच. इथे सोपा पर्यायच जास्त खरा!

आपल्या बोरघाटाचा खेळ करायचा तर? घाट चढताना कर्जतला गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनं जोडायचं काम खुशाल संगणकाने करावं. ते लोको पायलटच्या वाट्याचं नाहीच. पण घाट उतरताना 37 फुटांना एक फूट अशा उतारावर ब्रेक लगेच लागला, तर मी तो खेळ बंद करीन. हवेचा ब्रेक लांबलचक गाडीत शेवटच्या डब्यापर्यंत पोचायला वेळ घेतो, सुटायला आणखी. तो अंदाज बांधण्यातच घाट आहे आणि मजाही. नवशिक्याची गाडी सुटली तर लगेच ‘खेळ संपला’ कशाला म्हणायचं? भरकटलेल्या गाडीला चढावर नेऊन तिचा वेग जिरवायला रेल्वेने घाटात कॅच साइडिंग बांधून ठेवलीच आहे. जाऊ द्या गाडी तिच्यात, आणि मग नवशिक्यालाच ती मागे काढायला लावा.