आधी वासरं, मग गाभारा

(इंग्रजी विषय शिक्षकांच्या जिल्हा अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



तीस वर्षं माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झालो. त्यातली बहुतेक वर्षं आठवी-नववीच्या वर्गांवर गेली. मुलं घरी अहिराणी बोलायची, काही पावरी बोलायची, शाळेत मराठी बोलायची आणि माझ्या तासाला गप्प बसायची. ते गप्प बसणं कशानं सुटलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

इंग्रजीतला पूर्ण भूतकाळ आपण सगळे एकाच वाक्यावर शिकलो. डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता. हेच वाक्य मीही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. त्याच्या जोडीला स्टेशनवर पोचण्याआधी सुटलेली गाडी असायची, आणि आमच्या गावापासून रेल्वे स्टेशन कितीतरी कोस दूर होतं. मुलं ती वाक्यं पाठ करत, परीक्षेत लिहीत आणि मे महिन्यापर्यंत विसरून जात. त्या रोग्याशी वर्गातल्या कुणाचंच नातं नव्हतं. तो आधी मेला काय आणि नंतर मेला काय, मुलांना त्याचं काही वाटत नव्हतं. मग क्रियापदाचं रूप तरी का लक्षात राहावं?

एका श्रावणात मी नववीच्या वर्गाला सोमवारची खुलभर दुधाची कहाणी इंग्रजीतून सांगितली. तुम्हाला ती ठाऊकच आहे. राजाच्या मनात येतं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. दवंडी पिटते, सगळ्यांनी घरातलं सगळं दूध देवळात आणावं. राजाच्या धाकानं लोक पोराबाळांना ठेवत नाहीत, वासरांना पाजत नाहीत, सगळं दूध ओतून येतात. गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिनं घरचं काम उरकलेलं असतं, मुलांना जेवू घातलेलं असतं, वासरांना पाजलेलं असतं. उरलेलं खुलभर दूध ती वाहते आणि गाभारा भरून जातो.

गोष्ट संपल्यावर मी एकच प्रश्न विचारला, गाभारा का भरला? वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी मागच्या बाकावरून हळूच म्हणाली, “बिकॉज शी हॅड फेड द चिल्ड्रन फर्स्ट.” तिच्या तोंडून ‘हॅड फेड’ आपसूक आलं. गोष्ट सांगताना मी ते दोनदा वापरलं होतं, पण समजावून एकदाही सांगितलं नव्हतं. ती जागा तिच्या लक्षात राहिली, कारण सगळ्या कहाणीचं मर्म ‘आधी’ या एका शब्दात आहे. म्हातारीनं आधी दूध वाहिलं असतं आणि मग वासरांना पाजलं असतं, तर कहाणीच उरली नसती. व्याकरणाचा काळ आणि गोष्टीचा न्याय त्या वाक्यात एक झाले. त्या दिवसानंतर मी तो रोगी आणि ती गाडी फळ्यावर कधी लिहिली नाही.

मित्रहो, आपल्या मुलांच्या चुकांकडेही मला त्यानंतर वेगळ्या नजरेनं बघावंसं वाटलं. ‘ही डिड नॉट वेन्ट’ हे वाक्य आपण दर वर्षी लाल शाईनं खोडतो. पण मराठीत बघा. ‘तो गेला’, ‘तो गेला नाही’. नकार आला तरी ‘गेला’ तसाच राहतो, भूतकाळ क्रियापदावरच असतो. इंग्रजीत तो उचलून ‘डिड’वर ठेवतात आणि मूळ क्रियापद मोकळं होतं. मूल आपल्या भाषेचा नियम इमानानं पाळत असतं. ‘आय हॅड गॉन टु मार्केट यस्टरडे’ हे ‘मी काल बाजारात गेलो होतो’चंच रूप आहे. आपलं ‘होतो’ जाऊन परत आल्याचं सांगतं. इंग्रजीतल्या ‘हॅड’ला मात्र शेजारी दुसरी घटना लागते, जिच्या आधी हे घडलं. म्हातारीच्या कहाणीत ती शेजारची घटना असते, म्हणून तिथे हा फरक मुलांना दाखवता येतो.

तिसरी चूक मला सगळ्यांत जवळची वाटते. मुलं लिहितात, राजा ‘वेन्ट’ टु द फॉरेस्ट अँड ‘सीज’ अ टायगर. काळ मध्येच बदलतो. आपण त्याला निष्काळजीपणा म्हणतो. पण आपली आजी गोष्ट कशी सांगते? “राजा रानात गेला, बघतो तर काय!” ऐन प्रसंगाला ती भूतकाळ सोडून वर्तमानकाळात येते आणि वाघ आपल्या पुढ्यात उभा राहतो. ही मराठी कथनाची कमाई आहे. मुलाला आधी त्या कसबाबद्दल शाबासकी द्यावी. मग सांगावं, तुझ्या आजीनं ‘बघतो तर काय’नं जे साधलं, ते इंग्रजी गोष्ट बहुतेक वेळा भूतकाळात राहूनच साधते, त्यासाठी ती ‘सडनली’ म्हणते. असं सांगितल्यावर मूल खजील होत नाही. दोन भाषांची दोन कसबं त्याला कळतात.

अनियमित क्रियापदांचे तक्ते आपण पाठ करून घेतो. गो, वेन्ट, गॉन. स्टीव्हन पिंकर यांनी १९९९ सालच्या ‘वर्ड्स अँड रूल्स’ या पुस्तकात दाखवलं आहे, की इंग्रजीत सर्वांत जास्त वापरली जाणारी दहाच्या दहा क्रियापदं अनियमित आहेत. असणं, करणं, म्हणणं, जाणं, येणं, घेणं, बघणं असले रोजचे व्यवहार सांगणारी ती क्रियापदं आहेत. सतत तोंडात राहिल्यामुळेच त्यांची जुनी रूपं टिकून राहिली. लोककथाही याच क्रियापदांवर चालते. म्हातारी गेली, वाघ आला, वाघ म्हणाला, म्हातारीनं पाहिलं, भोपळा घेतला, त्यात बसली. भोपळ्यातल्या म्हातारीच्या एका गोष्टीत ‘वेन्ट’, ‘केम’, ‘सेड’, ‘सॉ’, ‘टुक’, ‘सॅट’ कितीदा येतात ते मोजून पाहा. वाटेत कोल्हा भेटतो, वाघ भेटतो आणि दर भेटीत तीच रूपं फिरून येतात. तक्ता वीस वेळा घोकायला मूल कंटाळतं. गोष्टीतलं पालुपद वीस वेळा ऐकायला ते कंटाळत नाही.

नियमित क्रियापदांचा उच्चारही गोष्टीतच सुधारतो. मुलं ‘वॉकेड’ म्हणतात, कारण अक्षरं तशी दिसतात. कानावर ‘वॉक्ट’, ‘प्लेड’, ‘वॉन्टिड’ असे तीन वेगळे शेवट पडले, की जीभ त्यांच्यामागे जाते. त्यासाठी गोष्ट आधी कानांना मिळायला हवी आणि डोळ्यांना नंतर.

तुमच्यापैकी काहींच्या मनात येईल, चौदा वर्षांच्या मुलांना चिमणी-कावळ्याच्या गोष्टी कशा चालतील? शंका रास्त आहे. ओठावर मिसरूड फुटलेल्या मुलाला कुणी लहान समजलेलं खपत नाही. पण याच वयात दुसरी एक अडचण असते. भूतकाळाच्या सरावासाठी आपण विचारतो, काल काय केलंस? सुट्टीत कुठे गेला होतास? काल ज्यानं दिवसभर कापूस वेचला, जिच्या घरी रात्री भांडण झालं, ज्याचे वडील ऊसतोडीला गेलेले आहेत, त्यानं आणि तिनं चाळीस जणांसमोर काय सांगावं? ते मूल गप्प बसतं आणि आपण समजतो, त्याला भूतकाळ येत नाही. लोककथा त्याला आडोसा देते. आपली भूक, आपला राग, आपला धाक ते म्हातारीच्या, वासराच्या, पहारेकऱ्याच्या तोंडून सांगू शकतं.

आणि कहाणी चिमुरड्यांचीच असते असं कुणी सांगितलं? राजाच्या हुकमानं घराघरातली वासरं उपाशी राहिली, हे राज्यकारभाराचं प्रकरण आहे. मी वर्गात राजाची चौकशी लावत असे. एक मुलगा राजा होई, एक मुलगी म्हातारी, दोघे पहारेकरी. राजा विचारी, आज सकाळी तू काय केलंस? सगळं दूध का आणलं नाहीस? ‘डिड’चा प्रश्न मागून घ्यावा लागत नसे, चौकशीलाच तो लागे. म्हातारी उत्तर देई, “आय डिड नॉट ब्रिंग ऑल द मिल्क. आय फेड द काव्ह्ज.” ‘डिड नॉट’पाशी क्रियापद मोकळं होतं आणि होकारात ‘फेड’ परत येतं, हे त्या दोन वाक्यांत मुलांच्या अंगवळणी पडे. चिमणीच्या गोष्टीत अपूर्ण भूतकाळ असाच मिळतो. कावळा दार ठोठावतो आणि चिमणी आतून सांगते, बाळाला न्हाऊ घालते आहे. मुलांनी तो प्रसंग दुसऱ्या दिवशी कावळ्याच्या बाजूनं सांगायचा, “व्हेन आय नॉक्ट, शी वॉज बेदिंग हर बेबी.” दार उघडायला तिनं मुद्दाम उशीर केला का, यावर नववीचा वर्ग तासभर भांडला होता, आणि ते भांडण भूतकाळात झालं.

माझी रीत साधी होती. पहिल्या दिवशी पुस्तक न उघडता गोष्ट सांगायची, मुलांनी फक्त ऐकायची. जॉन मॉर्गन आणि मारिओ रिनव्होलुक्री यांनी १९८३ साली ‘वन्स अपॉन अ टाइम’ या पुस्तकात शिक्षकांसाठी गोष्टींचे सांगाडे दिले, ते याचसाठी. अंगावरचं मांस शिक्षकानं आपल्या शब्दांत चढवायचं. दुसऱ्या दिवशी क्रियापदांच्या चिठ्ठ्या क्रमानं दोरीला लावायच्या आणि एकेकानं एकेक वाक्य सांगत गोष्ट पुढे न्यायची. तिसऱ्या दिवशी चौकशी, चौथ्या दिवशी लेखन. तक्ता सगळ्यांत शेवटी, आणि तोही मुलांनीच दोरीवरच्या चिठ्ठ्यांतून तयार केलेला. गोष्ट चालू असताना मी चूक दुरुस्त करत नसे. रंगात आलेल्या माणसाला मध्येच थांबवलं, तर तो पुन्हा बोलत नाही. ‘गाभारा’, ‘बेल’, ‘खुलभर’ हे शब्द मी इंग्रजीतही तसेच ठेवत असे.

सगळ्या लोककथा जशाच्या तशा घ्याव्यात, असं मी म्हणत नाही. कितीतरी गोष्टींत सावत्र आई दुष्टच असते, बाईला मुकाट्यानं सोसावं लागतं. असे प्रसंग लपवू नयेत. मुलांना विचारू द्यावं, ती का बोलली नाही? तुम्ही तिच्या जागी काय केलं असतं? तिथून पुढच्या व्याकरणाची वाटही निघते.

आपल्या या मातीत लोककथा आणि इंग्रजी यांची भेट फार पूर्वी झाली आहे. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर १८६५-६६ च्या हिवाळ्यात दख्खनच्या दौऱ्यावर होते. सोबत त्यांची मुलगी मेरी होती आणि मेरीची आया होती, ॲना लिबेराटा डिसूझा. मुक्कामामुक्कामावर ॲनानं आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी मेरीला सांगितल्या. मेरीनं त्या लिहून घेतल्या, तिला वाचून दाखवल्या, आणि १८६८ साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक निघालं. त्यात ॲनाची स्वतःची जीवनकहाणीही आहे. हे पुस्तक हातात घेतलं की मला आपला वर्ग आठवतो. ॲनाला इंग्रजी भाषा शाळेनं दिलेली नव्हती. तिच्यापाशी आजीच्या गोष्टी होत्या आणि ऐकायला कुणीतरी उत्सुक होतं. आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलापाशी यातली पहिली गोष्ट आहे. दुसरी आपण द्यायची आहे.

म्हणून या अधिवेशनापुढे मी दोन विनंत्या ठेवतो. पहिली, प्रत्येक शाळेनं एक वही करावी. मुलांनी आपल्या आजी-आजोबांकडून, नानींकडून, पाड्यावरच्या जाणत्यांकडून गोष्ट ऐकावी आणि ज्या बोलीत ऐकली तिच्यातच आधी लिहावी. अहिराणी, पावरी, कोकणी, उर्दू, जी असेल ती. ती वही हेच त्या शाळेचं इंग्रजीचं पूरक पुस्तक व्हावं. दुसरी, तोंडी परीक्षेत ‘स्वतःबद्दल पाच वाक्यं’ विचारण्याबरोबरच ‘एक गोष्ट सांग’ असंही विचारलं जावं.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. आज नववीत येणाऱ्या मुलाची त्या भाषेशी आठ वर्षांची ओळख असते. पालक, शाळा, शासन, सगळे सांगत असतात, आणा, सगळं दूध इंग्रजीच्या गाभाऱ्यात आणा. मुलंही धाकानं ओतत असतात. घरची बोली बाजूला पडते, आजीची गोष्ट विसरली जाते, आणि तरी गाभारा भरत नाही.

त्या मागच्या बाकावरच्या मुलीनं याचं उत्तर दिलं होतं, आणि ते व्याकरणाच्या दृष्टीनंही निर्दोष होतं. मुलाला आधी त्याच्या भाषेत पोटभर बोलू द्या, त्याची गोष्ट ऐकून घ्या, त्याची वासरं पाजून होऊ द्या. मग ते जे खुलभर इंग्रजी घेऊन येईल, ते त्याचं स्वतःचं असेल.